धुऱ्यावरची माणसं

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आमच्या गोंदियाकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांच्या मधल्या मातीच्या बांधाला धुरा. हा धुरा हातभर जरी सरकला तरी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, तालुक्याच्या कचेरीत चकरा सुरू होतात, मोजणीदार बोलावला जातो. पण मतदारसंघाचा धुरा जेव्हा सरकतो, तेव्हा तो गावंच्या गावं पोटात घेऊन सरकतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. पाच वर्षांनी मतदानाच्या दिवशी यंत्रावर अनोळखी नावं दिसतात, तेव्हा कुणीतरी विचारतं, 'हे कुठले हो उमेदवार?'

मी गोरेगाव तालुक्यातला. पेशा शिक्षकाचा, विषय गणित. पण तरुणपणापासून निवडणुकीचं वेड लागलं ते आजतागायत सुटलेलं नाही. आधी चिठ्ठ्या वाटल्या, भिंती रंगवल्या, मग नोकरी लागल्यावर मतदान केंद्रावर कामं केली आणि उरलेल्या वेळात आकडे मांडले. लोक मला कधी 'विश्लेषक' म्हणतात, कधी 'वहीवाले गुरुजी'. या वहीबद्दल पुढे सांगणारच आहे. त्यातला एक भाग माझ्या चुकीचा आहे, आणि आजचं बोलणं खरं तर त्यासाठीच आहे.

सुरुवात करतो १९५४ पासून. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. वडील एका बिडी कारखान्यात मुनीम होते. त्या वर्षी भर उन्हाळ्यात, मे महिन्यात, भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता आणि भंडारा जिल्हा तेव्हाच्या मध्य प्रदेशात. राजधानी नागपूर. या पोटनिवडणुकीला राखीव जागेवर उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सोबतीने सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता.

'एका मतदारसंघात दोन जागा' हे आजच्या तरुणांना सांगितलं की ते गोंधळतात. १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत देशात काही मतदारसंघ द्विसदस्य होते. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी राखीव. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. त्यावर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं असे. काँग्रेसची बैलजोडी, प्रजा समाजवाद्यांची झोपडी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. आपल्या दोन मतपत्रिका दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत.

ही पोटनिवडणूक लागली कशी, तीही कथा ऐकण्यासारखी आहे. १९५२ साली इथून काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले होते. ते मूलजी सिक्का आणि कंपनी या बिडी व्यवसायातल्या पेढीचे भागीदार, आणि या पेढीचा केंद्र सरकारशी सैनिकांना बिडी पुरवण्याचा करार होता. सरकारशी कंत्राटाचा संबंध असलेला माणूस संसदेवर निवडून जाऊ शकतो का, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच खटल्यात राखीव जागेच्या एका उमेदवारीवरून दुसरा प्रश्न निघाला. महार समाजातला माणूस महानुभाव पंथात गेला, तर तो अनुसूचित जातीचा राहतो की नाही? ९ फेब्रुवारी १९५४ रोजी निकाल लागला. न्यायपत्र लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. कंत्राटामुळे जसानी अपात्र ठरले. आणि पंथ बदलला तरी जात-समाजाचं नातं तुटत नाही, तो माणूस महारच राहतो, असं न्यायालयाने सांगितलं. कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल अभ्यासतात. आमच्या भागातल्या बिडीचा धूर दिल्लीच्या न्यायदालनापर्यंत गेला तो असा. दोन्ही जागांसाठी पुन्हा मतदान झालं.

प्रचारासाठी बाबासाहेब या भागात आले होते. वडील एका सभेला सायकलने गेले होते. कारखान्यातल्या बिडी वळणाऱ्या बाया दिवसाची मजुरी बुडवून पायी निघाल्याचं ते सांगत. आता गंमत पाहा. दोन मतं असली की कार्यकर्त्यांच्या डोक्यात एक हिशेब येतोच. आपल्या उमेदवाराला एक मत द्यायचं आणि दुसरं मत वायाच घालवायचं, म्हणजे ते प्रतिस्पर्ध्याच्या उपयोगी पडत नाही. असा सल्ला बाबासाहेबांनाही दिला गेला, आणि ज्याने घटना लिहिली त्याने मत वाया घालवा असं सांगायचं हे होणे नाही, म्हणून त्यांनी तो नाकारला, ही हकीकत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले, बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी हरले. दोन वर्षांपूर्वी मुंबईतही हीच जोडी एकत्र उभी होती. तिथे दोघेही हरले होते, इथे एक तरला.

वडील शेवटपर्यंत म्हणत, 'मतं माणसांनीच दिली, पण हरवलं पद्धतीने.' ते किती खरं, किती खोटं, याची छाननी मी नंतर पुष्कळ केली. पण गणिताच्या विद्यार्थ्याला या वाक्याने एक गोष्ट शिकवली. मतं तितकीच, माणसं तीच, मोजण्याची चौकट बदलली की निकाल बदलू शकतो.

द्विसदस्य पद्धतीचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९५७ साली आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी उभे होते. मतमोजणीत अनुसूचित जमातीचे दोन उमेदवार त्यांच्या पुढे निघाले. एकाला राखीव जागा मिळाली, दुसऱ्याला मतं जास्त म्हणून सर्वसाधारण जागाही मिळाली. गिरी न्यायालयात गेले आणि हरले. अशा अनुभवांनंतर १९६१ साली कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ मोडले गेले. एका घरातले दोन भाऊ वेगळे व्हावेत तसे. आमच्याकडे १९५७ साली भंडाऱ्यातून रा. मा. हजरनवीस आणि बाळकृष्ण वासनिक असे दोघे गेले होते. १९६२ साली भंडारा हजरनवीसांकडे राहिला, आणि गोंदिया नावाचा लोकसभा मतदारसंघ पहिल्यांदा नकाशावर आला, तिथून वासनिक निवडून गेले. पाचच वर्षांनी, १९६७ च्या फेररचनेत, हे नाव पुन्हा पुसलं गेलं. ते परत आलं थेट २००९ साली, तेही भंडाऱ्याच्या शेपटाला जोडून : भंडारा-गोंदिया.

माझ्या वडिलांनी १९५२ आणि १९५४ साली मध्य प्रदेशात मतदान केलं, १९५७ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६२ साली महाराष्ट्रात. घर तेच, ओसरी तीच, चूलही तीच. दहा वर्षांत तीन राज्यं पाहिली त्यांनी, एकही पाऊल न हलवता.

१९६७ साली मी पहिल्यांदा प्रचारात उतरलो. वय एकोणीस. तेव्हा मताचा अधिकार एकविसाव्या वर्षी मिळे. अठराची वयोमर्यादा १९८९ साली आली. म्हणजे स्वतःला मत नाही आणि लोकांना मत मागत फिरत होतो. उमेदवार कोण? तेच अशोक मेहता! तेरा वर्षांपूर्वी झोपडी घेऊन आलेला माणूस या वेळी बैलजोडी घेऊन आला होता, आणि पुन्हा निवडून आला. माझ्या कोवळ्या मनाला हा मोठा धक्का होता. वडील मात्र हसून म्हणाले, 'अरे, पेटीवरचं चित्र बदलतं, खुर्चीचे पाय तेच असतात.'

तेव्हाचा प्रचार म्हणजे बैलगाडीवर बांधलेला भोंगा, गेरूने आणि चुन्याने रंगवलेल्या भिंती आणि रात्री कंदिलाच्या उजेडात मतदारयादी पाहून लिहिलेल्या चिठ्ठ्या. हंगाम पाहून बोलावं लागे. रोवणीच्या दिवसांत सभा घ्याल तर समोर कुत्रंही बसायचं नाही, सगळं गाव चिखलात. तेंदूपानाच्या दिवसांत पहाटेच जंगलात जाणाऱ्या बायांना गाठायचं तर त्यांच्याही आधी उठावं लागे. दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटक चालतं. तिथे भाषण करणाऱ्याला लोक उठवून लावत, पण नाटकाच्या मध्यंतरात दोन मिनिटं बोलणाऱ्याचं ऐकून घेत. प्रचाराचं शास्त्र मी शिकलो ते असं, चिखलात आणि मंडईत.

मग वही आली. १९७७ च्या निवडणुकीच्या सुमारास मी एक जाड वही केली. त्या वर्षी आणीबाणीनंतरच्या लाटेत आमच्याकडून जनता पक्षाचे लक्ष्मणराव मानकर निवडून आले. लाट कुठल्या गावात किती चढली, हे मला मोजायचं होतं. गावाचं नाव, मतदार किती, आणि मग रकाने : पोवार, कुणबी, कोहळी, तेली, बौद्ध. शेवटचा रकाना 'इतर'. नोकरीत असल्याने झेंडा हाती धरता येत नव्हता आणि धरलाही नाही. पण आकडे मागायला मात्र सगळ्या पक्षांचे लोक येत. मीही देत असे. कुणाला नाही म्हटलं नाही, कुणाकडून पैसा घेतला नाही, याचा मला मोठा अभिमान होता. १९८९ साली खुशाल बोपचे निवडून आले, १९९१ पासून प्रफुल्ल पटेल तीनदा सलग आले, १९९९ साली चुन्नीलाल ठाकूर, २००४ साली शिशुपाल पटले. २००४ चा निकाल तर तीन हजार मतांच्या आसपास फिरला. अशा चुरशीत माझ्या वहीचा भाव वाढत गेला. उमेदवार निवडताना लोक वही उघडून विचारत, 'गुरुजी, या पट्ट्यात कोणाचं पारडं जड?' त्या पट्ट्यात सिंचनाचं पाणी पोचतं का, शाळेला शिक्षक आहे का, हे त्या वहीत लिहिलेलं नव्हतं. कुणी विचारतही नव्हतं.

१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आठ तालुके. आनंद झाला. आता कामासाठी भंडाऱ्याला जायची पायपीट संपली. पण जिल्ह्याचा धुरा आणि मतदारसंघाचा धुरा एकमेकांना विचारून चालत नाहीत, हे कळायला आणखी दहा वर्षं गेली.

आता थोडं गणित. कंटाळू नका, सोपं आहे. २००२ साली न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग नेमला गेला. राज्यांतल्या जागांची एकूण संख्या १९७६ सालच्या घटनादुरुस्तीने गोठवलेली होती आणि पुढेही गोठलेलीच राहिली. म्हणजे महाराष्ट्राच्या विधानसभेच्या जागा २८८ च. फक्त राज्याच्या आत धुरे नव्याने घालायचे, तेही २००१ च्या जनगणनेवर. त्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार. तिला २८८ ने भागलं की एका जागेमागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसं येतात. गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ७०७. भागाकार ३.५७. म्हणजे चार जागा. भंडाऱ्याची ११ लाख ३६ हजार. भागाकार ३.३८. म्हणजे तीन. पूर्वी दोन्ही जिल्ह्यांत मिळून नऊ आमदार होते : तुमसर, भंडारा, अड्याळ, साकोली, लाखांदूर, तिरोडा, गोंदिया, गोरेगाव आणि आमगाव. नव्या हिशेबात सात उरले. अड्याळ, लाखांदूर आणि आमचं गोरेगाव नकाशावरून गेलं आणि अर्जुनी-मोरगाव नव्याने आलं. सगळ्या विदर्भाचे ६६ चे ६२ झाले. मुंबई, ठाणे, पुण्याकडे माणसं वाढली, आमच्याकडची कामाला बाहेर गेली. जागा माणसांच्या मागे गेल्या.

आरक्षणही फिरलं. तिरोडा अनुसूचित जातीसाठी राखीव होता, तो खुला झाला. अर्जुनी-मोरगाव अनुसूचित जातीसाठी राखीव झाला. आमगाव, सालेकसा आणि देवरी या तालुक्यांचा आमगाव मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव झाला. आणि गोरेगाव तालुका? त्याचे दोन तुकडे झाले. काही गावं तिरोड्याला, काही अर्जुनी-मोरगावला.

आयोगाचा आदेश एकदा निघाला की न्यायालयात त्याला आव्हान देता येत नाही. त्याआधी मसुदा प्रसिद्ध होतो, लोकांच्या हरकती मागवतात. मसुद्याच्या काळात आमच्या तालुक्यात सगळे हळहळत होते. 'गोरेगावचा आमदार' हे शब्दच यापुढे उरणार नाहीत! तालुक्यातली जाणती मंडळी माझ्याकडे आली. म्हणाली, 'गुरुजी, वही काढा. तालुका अखंड राहील असा नकाशा करून द्या.' मला कोण स्फुरण चढलं! पंधरा दिवस मी जनगणनेचे आकडे आणि तलाठी साझ्यांची यादी घेऊन बसलो. गोरेगाव अखंड ठेवायचा तर तिरोड्याला माणसं कमी पडत. ती गोंदिया तालुक्यातून घ्यावीत, तर गोंदियाला कमी पडत. ती आमगावकडून घ्यावीत, तर आमगावचा धुरा पूर्वेकडे सरकवावा लागे. अखेर जमलं. आकडे चपखल बसले. माझी पेन्सिल शेवटी सालेकसा तालुक्यातून आरपार गेली, इतकंच.

सह्या गोळा करायला सुरुवात झाली. माझी धाकटी बहीण सालेकसा तालुक्यात दिलेली आहे. त्या बाजूच्याही काही सह्या असल्या तर हरकत भारदस्त दिसेल, म्हणून मी नकाशा घेऊन तिच्याकडे गेलो. तिने शेजारच्या टोल्यावरून दोन-चार माणसं बोलावली. त्यात एक गोंड समाजातले वयस्क गृहस्थ होते. त्यांनी नकाशा बराच वेळ न्याहाळला, मग माझी वही मागितली. वाचता येत होतं त्यांना. पानं उलटून झाल्यावर शांतपणे म्हणाले, 'गुरुजी, आमचा टोला कोन्या पानावर आहे जी?'

मी पान शोधून दिलं. गावाचं नाव होतं. पोवार इतके, कुणबी इतके. आणि त्यांचा अख्खा टोला होता 'इतर' या रकान्यात. तीस वर्षं मी गोंड, हलबा, सगळे आदिवासी टोले 'इतर' मध्ये टाकत आलो होतो, कारण सर्वसाधारण मतदारसंघात त्यांच्या मतांनी पारडं फिरत नाही असा माझा हिशेब होता. त्यांनी मग नकाशावर बोट ठेवलं. माझी पेन्सिल गेली होती त्या रेषेवर. अलीकडे त्यांचा टोला, पलीकडे त्यांची सोयरीक, त्यांचं देवस्थान, त्यांचा आठवडी बाजार. तालुक्याच्या ज्या पट्ट्यात त्यांचं बळ एकवटलेलं होतं, त्याचेच मी दोन तुकडे केले होते. आपल्या तालुक्याचे तुकडे होऊ नयेत म्हणून!

बहीण एवढंच म्हणाली, 'दादा, तुझा धुरा वाचवायला आमच्या बांधीतून माती नेतोस का?'

ती हरकत मी पाठवली नाही. वर्तमानपत्राच्या या पानावर हे लिहिताना आजही हात थोडा अडखळतो, कारण गोरेगावातल्या कित्येकांनी माझ्यावर विश्वास टाकला होता. त्यांना मी 'आकडे जमत नाहीत' असं सांगितलं. ते खोटं होतं. आकडे जमत होते. सालेकशाहून परतताना बसमध्ये बसल्या बसल्या मला उमगलं की मी आयुष्यभर माणसं मोजली, पण ती कुणाची कोण हे पाहिलं नाही. कोणी म्हणेल, ती हरकत पाठवूनही काही झालं नसतं. शक्य आहे. पण माझा प्रश्न आयोगाशी नव्हता, माझ्या वहीशी होता.

अमेरिकेत १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात पक्षाच्या सोयीने असे वेडेवाकडे मतदारसंघ आखले गेले, की त्यातला एक नकाशात सॅलमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसत होता. तेव्हापासून 'गेरीमँडर' हा शब्दच रूढ झाला. तिथे अनेक राज्यांत आजही नकाशा आखतात ते सत्तेतले लोकप्रतिनिधीच. आपल्याकडे निवृत्त न्यायमूर्ती आणि निवडणूक आयुक्त आखतात, खासदार-आमदार फक्त सहयोगी सदस्य असतात, त्यांना मताचा अधिकार नसतो. ही आपली मोठी कमाई आहे. पण मी एक शिकलो. नकाशा वेडावाकडा व्हायला लबाडीच लागते असं नाही. आपल्या गावावरचं आंधळं प्रेमही पुरतं.

१९ फेब्रुवारी २००८ पासून नवे धुरे लागू झाले आणि २००९ साली त्यांवर पहिली निवडणूक झाली. आमगाव विधानसभा क्षेत्र लोकसभेसाठी गडचिरोली-चिमूरला जोडलं गेलं. विधानसभेला राखीव झाल्याने आमगावातून तेव्हापासून आदिवासी आमदार निवडून येऊ लागले. २००९ साली रामरतन राऊत, २०१४ साली संजय पुराम, २०१९ साली सहेसराम कोरोटे, २०२४ साली पुन्हा पुराम. माझ्या 'इतर' रकान्यातली माणसं आता प्रत्येक पक्षाच्या पहिल्या पानावर आहेत. हे धुऱ्यामुळे झालं.

पण दुसरी बाजूही आहे. गडचिरोली-चिमूर हा लोकसभा मतदारसंघ गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. सालेकशापासून सिरोंचा तीनशेहून अधिक किलोमीटर, पार तेलंगणाच्या सीमेवर. बहिणीचा कलेक्टर गोंदियाला आणि खासदार बहुधा गडचिरोलीकडचा. दरेकशाच्या डोंगरात राहणाऱ्या माणसाने कुणाकडे जावं? नक्षलग्रस्त भाग म्हणून आमगाव, अर्जुनी-मोरगावकडे अनेक निवडणुकांत मतदान दुपारी तीनलाच बंद झालं, तर गोंदिया शहरात संध्याकाळपर्यंत चाललं. एकाच जिल्ह्यात मताच्या दिवसाची लांबीसुद्धा सारखी नव्हती. आणि मतांचं मोल म्हणाल तर २०१९ साली अर्जुनी-मोरगावचा निकाल अवघ्या ७१८ मतांनी लागला. एखाद्या मोठ्या गावातल्या एका मोहल्ल्याएवढी मतं!

२०१८ च्या मे महिन्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली, तेव्हा मला सारखं १९५४ आठवत होतं. तोच महिना, तेच ऊन. या वेळी पेट्यांऐवजी यंत्रं होती आणि ती ठिकठिकाणी बंद पडली. उन्हाचं कारण सांगितलं गेलं. ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावं लागलं. बिडी वळणाऱ्या बाया दुसऱ्यांदा रांगेत उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या. त्यांच्यापैकी एकीनेही 'माझ्या एका मताने काय होतं' असं म्हटलं नाही. चौसष्ट वर्षांपूर्वी मजुरी बुडवून निघालेल्या बायांच्या त्या नाती असतील, कोण जाणे.

गावपातळीवरचे धुरे तर आणखी नाजूक. आमच्या जिल्हा परिषदेचे ५३ गट. २०२१ च्या डिसेंबरात निवडणूक ऐन तोंडावर असताना सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गाच्या जागांना स्थगिती दिली. उमेदवारांचे प्रचाराचे फलक लागलेले. मग बाकीच्या जागांवर २१ डिसेंबरला मतदान झालं आणि त्या जागा सर्वसाधारण करून त्यांवर १८ जानेवारी २०२२ ला. एकाच निवडणुकीला एका गावात लोक डिसेंबरात गेले, शेजारच्या गावात जानेवारीत. निकाल मात्र सगळ्यांचा एकाच दिवशी, १९ जानेवारीला.

आता शेवटचं, आणि ते तुमच्या-माझ्या नातवंडांसाठी आहे. गोठवलेल्या जागांची मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे. केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी अधिसूचना काढून पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरवली. २०२३ सालच्या १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांना दिलेलं एक तृतीयांश आरक्षणही याच जनगणनेनंतरच्या परिसीमनाशी बांधलेलं आहे. म्हणजे पुन्हा मोजणीदार येणार. मघाचंच गणित २०११ च्या आकड्यांवर करून पाहा. महाराष्ट्र ११ कोटी २३ लाख ७४ हजार, भागिले २८८, म्हणजे एका जागेमागे ३ लाख ९० हजार. गोंदिया जिल्हा १३ लाख २२ हजार ५०७. भागाकार ३.३९. २००१ साली आम्ही ३.५७ होतो म्हणून चार जागा वाचल्या. जागा २८८ च राहिल्या, तर ३.३९ चे तीनच होतात. एकूण जागा वाढल्या तर चित्र वेगळं असेल. पण दहा वर्षांत महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला आणि आम्ही दहा टक्क्यांनी, ही गोष्ट जागा वाढल्याने बदलत नाही.

म्हणजे पुन्हा कुठला तरी तालुका तुटेल, कुठलं तरी नाव पुसलं जाईल, पुन्हा कुणीतरी एखाद्या निवृत्त गुरुजीकडे येऊन म्हणेल, 'नकाशा करून द्या.' त्या गुरुजीला माझं सांगणं आहे. नकाशा जरूर कर. हरकत जरूर पाठव, वेळेत पाठव, आकड्यांसह पाठव. गप्प बसणाऱ्याचा धुरा शेजारी खातो, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पण सही मागायला आधी रेषेच्या पलीकडे जा. तिथल्या माणसाला वही दाखव. त्याने विचारलं की आमचा टोला कोणत्या पानावर, तर उत्तर तयार ठेव.

माझी ती जाड वही अजून घरी आहे. नव्या पानांवर मी आता जातीचे रकाने ओढत नाही. गाव, टोला, दवाखाना किती लांब, आठवडी बाजार कुठला, सोयरीक कोणत्या बाजूला, बस कुठवर येते, असे रकाने आहेत. उमेदवार आताही येतात, पानं उलटतात आणि म्हणतात, 'गुरुजी, यात आमच्या कामाचं काही नाही.' मी त्यांना चहा देतो आणि म्हणतो, निवांत वाचा.

आणि हो, त्या वहीत आता 'इतर' नावाचा रकाना नाही.